पहिल्या शंभर चाली

बस, बेइंटा. खुर्ची डगमगते थोडी, सवय होईल.
डावीकडच्या पडद्यावर सॅमन माशांचे आठ पिंजरे,
त्यांना खाद्य पहाटे सहाला.
तोवर उजवीकडची आकाशगंगा तुझी:
एक ग्रह, एक टेहळणीचं जहाज
आणि बाकी सगळा काळोख.
घाबरू नकोस. काळोख काय,
इथे क्लाक्सव्हीकलाही डिसेंबरात तीन वाजताच येतो.

जहाज बंदरात उभं ठेवू नकोस.
पाठव, कुठेही पाठव,
परत नाही आलं तर तेही कळणंच असतं.
दिवसपाळीचा तोरालवूर म्हणेल, आधी तोफा.
त्याचं ऐकू नकोस, त्याची राजधानी तीनदा जळलीय.
मीही बांधल्या होत्या पहिल्या डावात अकरा युद्धनौका,
नुसती खोगीरभरती.
पोसायला धातू नाही,
कक्षेतच गंजल्या बिचाऱ्या.

वसाहत करताना पाणी बघ, मग अंतर,
मग परत एकदा पाणी.
निळा दिसला म्हणून ग्रहावर भाळू नकोस.
माझ्या पहिल्या निळ्या ग्रहाच्या वाऱ्यातच आम्ल होतं.
चार कोटी माणसं मी तिथे उतरवली
आणि कॉफी आणायला गेलो.

अन्नाचा आकडा लाल झाला की हातातलं सगळं सोड.
हे तुला सांगायला नको,
काल सहाव्या पिंजऱ्यातला प्राणवायू उतरला
तेव्हा किती मिनिटं मिळाली आपल्याला, पाहिलंस तू.

शेजारी भेटेल चाळिसाव्या चालीच्या सुमाराला.
त्याला सहा डोळे असतील, आवाज घोगरा,
पहिलंच वाक्य धमकीचं.
उसनं अवसान आणून उत्तर देऊ नकोस.
आवळा दे, पण कोहळा लगेच मागू नकोस.
नकाशे दे हवे तर, ते जुने झालेलेच असतात.
आणि सीमेवर एक चौकी कायम जागी ठेव,
मैत्री झाली तरी.
झाल्यावर तर नक्कीच.

संशोधनाचं म्हणशील तर आधी इंजिनं, मग शेती…
नाही, थांब. आधी शेती.
सोळा वर्षं खेळतोय, अजून क्रम चुकतो.

शेवटी काय होतं?
माहीत नाही मला.
खरंच नाही. दोनशेव्या चालीपुढे मी कधी गेलोच नाही.
साम्राज्य वाढलं की ग्रहांची नावं लक्षात राहत नाहीत,
मंत्री परस्पर कारभार उरकतात,
आपण नुसतं ‘मंजूर, मंजूर’ दाबत बसायचं.
मग मी डाव मोडतो, नवा मांडतो.
एक ग्रह, एक जहाज.
मासेमारीच्या तीन बोटी होत्या माझ्या, ठाऊक आहे ना?
मार्युन म्हणाली, चौथी घे आता.
मी तिन्ही विकल्या.
तिने त्याचं कारण विचारलं नाही,
मीही अजून शोधतोच आहे.

जाऊ दे. दाखव, कुठवर आलीस?
शंभरावी चाल आणि चारच ग्रह?
चौघांनाही नावं दिलीस? याला ‘मावशी’?
बरं. पण चौकी कुठे आहे?
सीमा उघडी? सताड?
बेइंटा, मी इतका वेळ भिंतीशी बोलत होतो का?

थांब, हे काय येतंय पलीकडून?
त्या सहा डोळेवाल्याची जहाजं… मोज,
सात, आठ… तोफा एकीवरही नाहीत.
धान्य आहे.
दुष्काळ पडला होता तुझ्याकडे?
आणि त्याला तू सांगितलंस? शत्रूला?

सोळा वर्षांत मला कुणी धान्य पाठवलं नाही.
मी मागितलंच नव्हतं म्हणा.

सरक जरा, मला नीट दिसू दे.
नाही, माउस तुझ्याकडेच ठेव.
दोनशे एकावी चाल आली की मला हाक मार,
तिथून पुढे मीही नवशिकाच.
सहाला पाच कमी आहेत.
माशांचं मी बघतो.
तू चाल कर.